दुकानदारांचं पांडित्य, स्टेशनमास्तरांची कविता : व्हिक्टोरियाकालीन वेल्सकडे जाताना

1858 च्या सप्टेंबरात उत्तर वेल्समधल्या लँगॉलेन गावी मोठा आइस्तेदवोद भरला होता. आइस्तेदवोद म्हणजे वेल्श लोकांचा कविता, गाणं आणि निबंध यांचा मेळा. स्पर्धा लावायच्या, परीक्षकांनी भर सभेत निकाल वाचायचे, जिंकलेल्या कवीला मानाच्या खुर्चीत बसवायचं, असा त्याचा थाट. त्या वर्षी निबंधाचा एक विषय मॅडॉक हा होता. मॅडॉक बाराव्या शतकातला वेल्श राजपुत्र. कोलंबसाच्या तीनशे वर्षं आधी तो जहाजं घेऊन अमेरिकेला पोचला, अशी आख्यायिका वेल्समध्ये जिव्हाळ्याने जपलेली होती. 1790 च्या दशकात जॉन एव्हन्स नावाचा तरुण वेल्श बोलणारे ‘इंडियन’ शोधायला मिसूरी नदीच्या काठाने वर गेला, एक हिवाळा मँडन लोकांत राहिला, आणि इथे वेल्श कोणीही नाही असं कळवून मोकळा झाला. आख्यायिकेचं त्याने काही बिघडलं नाही.

लँगॉलेनला आलेल्या निबंधांत मर्थर टिडफिलच्या टॉमस स्टीव्हन्सचा निबंध होता. स्टीव्हन्स एका चांभाराचा मुलगा. मर्थरच्या हमरस्त्यावर त्याचं औषधांचं दुकान होतं. जुने दस्तऐवज आणि कविता एकेक तपासून त्याने दाखवलं, की मॅडॉक अमेरिकेला गेल्याचा कसलाही पुरावा नाही. निबंध स्पर्धेत सरस होता, याबद्दल फारसा वाद नव्हता. पण आयोजकांनी बक्षीस अडवलं. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: विषय ‘मॅडॉकने लावलेला अमेरिकेचा शोध’ असा होता, आणि शोध लागलाच नाही असं म्हणणारा निबंध विषयाला धरून नाही. स्टीव्हन्स निषेध करायला व्यासपीठावर गेला तेव्हा बँड वाजवून त्याचा आवाज बुडवायचा प्रयत्न झाला. श्रोत्यांनीच ओरडून त्याला बोलू द्यायला लावलं.

या विषयाच्या दाराशी उभ्या असलेल्या मराठी वाचकाला मी आत नेतो तो या प्रसंगापासून, आणि ते मुद्दाम. व्हिक्टोरियाकालीन वेल्सबद्दल लिहिणारे बहुतेक लोक पांढऱ्या झग्यांतल्या ड्रुइडांपासून, म्हणजे प्राचीन केल्ट पुरोहितांचा वेष घेतलेल्या कवींपासून, सुरुवात करतात. ड्रुइड लँगॉलेनलाही होतेच. पण त्या मंडपात औषधविक्याही होता, त्याच्याकडे चिकित्सक पद्धत होती, आणि मुख्य म्हणजे शेतकरी, कारागीर, गवंडी, दुकानदार अशा माणसांनी भरलेल्या सभेला एका प्राचीन राजपुत्राबद्दलचा पुराव्याचा वाद ऐकायचा होता. त्या काळच्या युरोपात असं दृश्य सहज सापडत नाही. मला या काळाबद्दल जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे: ही संस्कृती विद्यापीठ, राजधानी, दरबार यांपैकी काहीही नसताना पोटापाण्याचे उद्योग करणाऱ्या लोकांनी आपल्या भाषेत उभी केली, आणि ती ऐन भरात असतानाच तिच्या पुढाऱ्यांनी आपलं ज्ञान हळूहळू इंग्रजीच्या हवाली केलं. दोन्ही गोष्टी एकाच पिढीने केल्या. असं का झालं, हा या क्षेत्राचा गाभ्याचा प्रश्न आहे.

आधी ड्रुइडांचा हिशेब चुकता करू. ही सगळी मिरवणूक योलो मोर्गानुग या एका माणसाच्या डोक्यातून निघाली. तो ग्लॅमॉर्गनचा पाथरवट, विलक्षण प्रतिभेचा कवी, अफूच्या अर्काचा व्यसनी, आणि युरोपातल्या सर्वांत यशस्वी बनावटगिरांपैकी एक. कवींच्या परिषदेचा, म्हणजे गोर्सेदचा, पहिला विधी त्याने 1792 मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर केला आणि तो हजारो वर्षांचा असल्याचं सांगितलं. 1819 मध्ये कार्मार्थनला त्याने गोर्सेद आइस्तेदवोदला जोडून दिली. जुन्या कवींच्या नावावर त्याने स्वतःच्या कविता खपवल्या; त्या इतक्या चांगल्या होत्या, की जी. जे. विल्यम्स या अभ्यासकाने विसाव्या शतकात त्यांचा छडा लावेपर्यंत भल्याभल्यांनी त्या खऱ्या मानल्या. लँगॉलेनचा मुख्य सूत्रधार अब इथेल हा पाद्री योलोचा निस्सीम भक्त होता. तरीही लँगॉलेन नुसतं हास्यास्पद ठरवणं मला पटत नाही. एबेन वार्द या कवीला तिथेच खुर्ची मिळाली, केरिओगच्या प्रेमकवितेला तिथेच बक्षीस मिळालं, आणि आज वेल्सचं राष्ट्रगीत असलेलं गाणं त्या मेळ्यानंतरच सर्वतोमुखी झालं. ते गाणं 1856 च्या जानेवारीत पॉन्टिप्रिद इथे एव्हन जेम्स या लोकर विणणाऱ्याने लिहिलं होतं आणि त्याच्या मुलाने, जेम्स जेम्सने, चाल लावली होती.

नावांबद्दल इथेच दोन शब्द सांगतो, नाहीतर नवा वाचक चौथ्या पानावर हरवतो. वेल्समध्ये आडनावं मूठभर: जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, एव्हन्स, रॉबर्ट्स. या काळात फक्त ‘जॉन जोन्स’ शोधायला गेलात तर एक तालसार्नचा गाजलेला प्रवचनकार निघतो, एक तेगिद हा पाद्री आणि संशोधक निघतो, एक ताल्हायार्न हा वास्तुविशारद कवी निघतो, आणि यादी तिथे संपत नाही. म्हणून टोपणनाव ही तिथे हौस नव्हती, गरज होती. कुसुमाग्रज-गोविंदाग्रजांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे जड जाऊ नये. उच्चारांचं मात्र मी जमेल तेवढंच केलं आहे. लँगॉलेनमधला ल वेल्श माणूस जीभ टाळूला टेकवून कडेने हवा फुंकत म्हणतो. देवनागरीत त्याला अक्षर नाही, आणि इंग्रजांनाही तो कधी जमला नाही.

आता 1847. हे साल टाळून या काळात शिरता येत नाही. त्याआधीच्या वर्षी विल्यम विल्यम्स या वेल्समध्ये जन्मलेल्या पण कॉव्हेंट्रीतून निवडून आलेल्या खासदाराच्या मागणीवरून पार्लमेंटने वेल्समधल्या शिक्षणाची चौकशी लावली. लिंगेन, सायमन्स आणि व्हॉन जॉन्सन हे तीन तरुण इंग्रज कायदेपंडित आयुक्त नेमले. तिघांपैकी कोणालाही वेल्श येत नव्हतं. तिघेही इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे होते, आणि ज्यांची चौकशी करायची ते लोक बहुसंख्येने त्या चर्चबाहेरच्या पंथांचे होते. वर्गात मुलांना इंग्रजीत प्रश्न विचारले गेले. उत्तर आलं नाही की मूल अज्ञानी ठरलं. साक्षी मोठ्या प्रमाणात अधिकृत चर्चच्या पाद्र्यांच्या घेतल्या. अहवाल तीन जाड खंडांत, निळ्या वेष्टनात छापला. शाळा वाईट आहेत हे त्याचं म्हणणं खरं होतं. ते वेल्श लोकांनाही मान्य होतं. पण अहवाल तिथे थांबला नाही. भाषा हीच प्रगतीतली धोंड आहे, चर्चबाहेरचे धर्मपंथ लोकांना बिघडवतात, आणि वेल्श बायका चारित्र्याने ढिल्या आहेत, असंही त्यात आलं.

संतापाची लाट उसळली. ह्यू ह्यूज या चित्रकाराने आयुक्तांवर व्यंगचित्रं काढली. जेन विल्यम्स या लेखिकेने 1848 मध्ये इंग्रजीत सडेतोड उत्तर लिहिलं. येयान ग्विनेद या क्षयाने खंगलेल्या तरुण पाद्र्याने आकडे मांडून अहवालाचे दोष दाखवले; बत्तिसाव्या वर्षी तो वारला. 1854 मध्ये आर. जे. डर्फेलच्या एका नाटकाने या सगळ्याला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ हे नाव कायमचं चिकटवलं. सॅक्सनांनी मेजवानीला बोलावून ब्रिटन सरदारांची कत्तल केली, त्या जुन्या कथेच्या नावावर ते बेतलेलं होतं, आणि वेल्श वाचकाला तो संदर्भ उलगडून सांगावा लागत नव्हता.

इंग्रज अधिकाऱ्याने आपली भाषा, आपला धर्म आणि आपल्या बायका अहवालात मोजाव्यात, हा अनुभव मराठी वाचकाला अनोळखी नाही. म्हणून वेल्स ही जणू आपल्यासारखीच वसाहत होती असं मानायचा मोह होतो. तो आवरावा. वेल्श माणसाला ब्रिटिश साम्राज्यात चाकरी, व्यापार, धर्मप्रसार या सगळ्या वाटा खुल्या होत्या आणि त्याने त्या वापरल्या. त्याची तक्रार साम्राज्याविरुद्ध क्वचितच होती. आपल्याला त्यात बरोबरीचं मानत नाहीत, ही होती. केरिओगची देशाभिमानाची गाणी मनापासून लिहिलेली होती, आणि प्रिन्स ऑफ वेल्सच्या गौरवाचं जे गीत ब्रिटनभर गाजलं त्याचे वेल्श शब्दही त्याचेच होते.

निळ्या पुस्तकांना वेल्सने दिलेलं उत्तर दोन तोंडांचं होतं. आम्ही तुम्ही म्हणता तसे नाही, आम्ही सभ्य, धार्मिक, निर्व्यसनी आहोत, हे एक. न्यायालयाच्या सत्रात एकही गुन्हा समोर आला नाही तर न्यायाधीशाला पांढरे हातमोजे देण्याची प्रथा होती. वेल्श वर्तमानपत्रं अशा हातमोज्यांची बातमी अभिमानाने छापू लागली, आणि आपला देश ‘पांढऱ्या हातमोज्यांचा देश’ म्हणून मिरवू लागली. दुसरं उत्तर बोलून दाखवलं गेलं नाही, करून दाखवलं गेलं: आमची मुलं इंग्रजी शिकतील. आरोप फेटाळला, पण आरोप करणाऱ्याचं माप स्वीकारलं. हेच लिंगेन पुढे वीस वर्षं शिक्षणखात्याचे सचिव होते, आणि 1862 च्या नियमावलीने शाळांचं अनुदान परीक्षेतल्या निकालावर बांधलं तेव्हा त्या परीक्षेत वेल्शला जागा नव्हती. शिक्षकाने मग ती कशाला शिकवावी? वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवण्याची शिक्षा काही शाळांत होती, ती आज सर्वांना माहीत असते. ती कुठल्याही सरकारी हुकमाने आलेली नव्हती. माझ्या मते अनुदानाच्या कोष्टकाने त्या पाटीपेक्षा जास्त नुकसान केलं.

भाषा मग जगली कुठे? चॅपेलमध्ये आणि छापखान्यात. 30 मार्च 1851 या रविवारी साऱ्या ब्रिटनमध्ये प्रार्थनेला किती लोक गेले याची मोजणी झाली. वेल्समध्ये जाणाऱ्यांपैकी सुमारे चार पंचमांश लोक कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट, इंडिपेंडंट, बॅप्टिस्ट अशा चर्चबाहेरच्या पंथांच्या चॅपेलांत गेले होते. चॅपेल म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. तिथली रविवारची शाळा मोठ्या माणसांचीही असे. खाणकामगार वाचायला शिके ते तिथे, वेल्शमध्ये, बायबलवर. सभेत उभं राहून बोलणं, हिशेब ठेवणं, समिती चालवणं हेही तिथलंच शिक्षण. पुढे राजकारणात आलेली माणसं या शाळेतून आली. ट्रेगारनचा हेन्री रिचर्ड 1848 पासून पीस सोसायटीचा चिटणीस होता, आणि 1866 मध्ये त्याने पत्रांच्या मालिकेतून वेल्सची बाजू इंग्रज वाचकांपुढे मांडली. 1868 मध्ये मर्थरच्या नव्याने मतदार झालेल्या कामगारांनी त्याला मोठ्या बहुमताने पार्लमेंटात पाठवलं. त्याच निवडणुकीनंतर पश्चिमेकडच्या काही जमीनदारांनी विरोधात मत देणाऱ्या कुळांना शेतांवरून हुसकावलं. 1872 मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला, त्यामागे या घटनांचाही रेटा होता.

छापखान्याची गोष्ट तर अजबच आहे. डेन्बी या छोट्या गावात टॉमस गी नावाचा मुद्रक-पाद्री होता. त्याने 1857 मध्ये साप्ताहिक काढलं. दोन वर्षांनी लिव्हरपूलचं ‘अम्सेराइ’ हे पत्र त्यात विलीन झालं. 1854 ते 1879 अशी पंचवीस वर्षं खर्ची घालून त्याने दहा खंडांचा वेल्श ज्ञानकोश पुरा केला, आणि तो घ्यायला गिऱ्हाईक होतं. लुइस एडवर्ड्स हा बालाच्या धर्मविद्यालयाचा प्राचार्य. त्याने 1845 मध्ये काढलेल्या त्रैमासिकात होमर, गटे, कांट यांच्यावर वेल्शमध्ये लेख येत, आणि ते वाचणाऱ्यांत शेतावर राबणारे लोक होते. गेल्या दीडशे वर्षांत या नियतकालिकांना इंग्रज इतिहासकारांनी जवळजवळ हात लावला नाही, कारण ती वाचायची तर भाषा शिकावी लागते. त्यामुळे ‘वेल्श लोक गाणारे, विचार करणारे नव्हेत’ हा समज टिकला. विल्यम रीस ऊर्फ हिराइथोग हा पाद्री हा समज खोडायला एकटाच पुरेसा आहे. ‘अम्सेराइ’मध्ये तो म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बोलीत जगाच्या राजकारणावर पत्रं लिही, मॅझिनीशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि ‘अंकल टॉम्स केबिन’वरून त्याने 1853 मध्ये वेल्श पुस्तक रचलं. त्यात गुलामगिरीची कथा एका वेल्श शेतकऱ्याच्या चुलीपाशी वाचली जाते आणि ऐकणारे मध्येमध्ये आपलं मत देतात.

कवितेचं सांगायचं तर प्रमाण मोठं आणि दर्जा कमीजास्त. बक्षिसासाठी लिहिलेल्या लांबलचक पद्यांत शिरलेला वाचक बाहेर येताना दमलेला असतो. केरिओग मात्र वाचावाच. त्याचं खरं नाव जॉन ह्यूज. तो तरुणपणी मँचेस्टरला गेला, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झाला, आणि मायभूमीपासून दूर बसून 1860 मध्ये त्याने पहिला संग्रह काढला. 1865 मध्ये तो लॅनिडलोसचा स्टेशनमास्तर म्हणून वेल्समध्ये परतला. जुन्या वीणावादकांच्या चालींवर त्याने लिहिलेले शब्द आजही गायले जातात. साधेपणात तो अवघड गोष्टी लपवतो. त्याच्याच वयाचा इस्लविन अगदी उलट्या स्वभावाचा: 1853 मध्ये त्याची वाग्दत्त वधू गेली, आणि त्या धक्क्यातून ‘वादळ’ या नावाचं प्रचंड, धूसर, मधूनच उजळणारं काव्य निघालं. त्याच्या हयातीत ते पूर्ण छापलं गेलं नाही. ताल्हायार्नला धार्मिकपणाचं वावडं होतं. पॅक्स्टन या वास्तुकाराच्या हाताखाली त्याने रॉथ्सचाइल्ड घराण्याचे वाडे बांधण्यावर देखरेख केली, एक इंग्लंडमध्ये आणि एक फ्रान्समध्ये, आणि चॅपेलवाल्यांना न रुचणारी बेफिकीर गाणी लिहिली. कादंबरीला या काळात चॅपेलची संमती नव्हती. डॅनियल ओवेन या मोल्डच्या शिंप्याने ती मिळवली, पण ती 1880 च्या दशकात. त्याच्या ‘रीस लुइस’मधला खाणीतला दंगा मात्र 1869 मध्ये मोल्डमध्ये सैनिकांनी गोळीबार करून चौघांना मारलं त्या घटनेची आठवण ठेवून आहे.

स्त्रियांचा भाग हल्लीच्या अभ्यासाने सर्वांत जास्त बदलला आहे. पूर्वी दोन सरदार घराण्यांतल्या बायकांची नावं घेतली की विषय संपे. त्या दोघी वगळण्याजोग्या नाहीतच. शार्लट गेस्ट ही इंग्रज अर्लची मुलगी, डाउलिसच्या लोखंड कारखान्याच्या मालकाशी लग्न होऊन आली, वेल्श शिकली, दहा मुलांना जन्म दिला, आणि 1838 ते 1849 या काळात ‘मॅबिनोगियन’च्या मध्ययुगीन कथा इंग्रजीत आणल्या. टेनिसनने एनिडची गोष्ट तिच्याच अनुवादावरून घेतली. नवरा वारल्यावर काही काळ कारखान्याचा कारभारही तिने पाहिला. दुसरी ऑगस्टा हॉल, लेडी लॅनोव्हर. वेल्श बायकांचा ‘राष्ट्रीय’ पोशाख, म्हणजे उंच काळी टोपी आणि लोकरी शाल, सर्वत्र रुळवण्यात तिचा मोठा हात. तिने आपल्या इस्टेटीवरच्या दारूचे गुत्ते बंद केले आणि जुन्या तिहेरी तारांच्या वीणेला आश्रय दिला. लंडनच्या बिग बेनचं नाव तिच्या नवऱ्यावरून पडलं असं सांगतात.

पण खरी पात्रं खालून वर आलेली आहेत. 1850 मध्ये वेल्शमधलं स्त्रियांसाठीचं पहिलं मासिक निघालं. निळ्या पुस्तकांनी केलेली बदनामी धुऊन काढायला येयान ग्विनेदने ते काढलं होतं. लिहिणारे बहुतेक पुरुष, आणि मजकूर बायकांनी कसं वागावं याचा. ते फार चाललं नाही. बालाजवळच्या बेट्सी कॅडवालाडरने मोलकरणीचं काम करत जहाजांवरून जग पाहिलं, साठी उलटल्यावर क्रिमियाच्या युद्धात शुश्रूषेला गेली, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलशी तिचं पटलं नाही. तिची आत्मकथा जेन विल्यम्सने ऐकून उतरवली आणि 1857 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात अतिशयोक्ती भरपूर आहे आणि ती त्या काळातलं सर्वांत जिवंत पुस्तक आहे. क्रनॉगवेन ही लँग्रॅनॉगच्या खलाशाची मुलगी सारा जेन रीस. वडिलांबरोबर बोटीवर काम करून ती नौकानयन शिकली आणि गावातल्या दर्यावर्दी तरुणांना ते शिकवू लागली. 1865 च्या अबरिस्टविथच्या राष्ट्रीय आइस्तेदवोदमध्ये लग्नाच्या अंगठीवरच्या कवितेसाठी तिला बक्षीस मिळालं, आणि स्पर्धेत केरिओग आणि इस्लविन दोघेही होते. तिने लग्न केलं नाही. आयुष्य स्त्रियांच्या सोबतीत काढलं. 1879 पासून अनेक वर्षं स्त्रियांचं मासिक चालवलं. यावेळी संपादक बाई होती आणि लिहिणाऱ्याही बायका होत्या. 2023 मध्ये लँग्रॅनॉगला तिचा पुतळा उभा राहिला.

संगीताकडे येताना आधी एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागते. कर्वेन या इंग्रज पाद्र्याने लोकप्रिय केलेली टॉनिक सोल-फा ही पद्धत म्हणजे आपल्या सारेगमसारखी स्वरांची आद्याक्षरं. पाच रेघांची लिपी नको, पियानो नको, साध्या छापखान्यात साध्या खिळ्यांनी गाणं छापता येतं. खाणकामगाराच्या खिशाला परवडणारं संगीत त्यामुळे शक्य झालं. जॉन रॉबर्ट्स ऊर्फ येयान ग्विल्टने 1859 मध्ये सामुदायिक प्रार्थनेच्या चालींचा संग्रह काढला आणि त्याच वर्षी अबरडेरला अनेक चॅपेलांना एकत्र आणून चार आवाजांत गाण्याचा उत्सव सुरू केला. दारूबंदीची चळवळ आणि हे गायन हातात हात घालून चाललं. गुत्त्याला पर्याय म्हणून संध्याकाळी तालीम होती. त्यातून दक्षिणेच्या कोळशाच्या खोऱ्यांत मोठमोठी वृंदगायनं उभी राहिली. ग्रिफिथ रीस जोन्स ऊर्फ कॅराडॉग हा अबरडेरचा लोहार चारशेहून अधिक गायकांना घेऊन 1872 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये गेला. त्या वर्षी समोर प्रतिस्पर्धीच आला नाही. पुढच्या वर्षी लंडनचं एक वृंद आलं आणि हरलं. खोऱ्यांत त्या विजयाचं जे स्वागत झालं ते लढाई जिंकून आल्यासारखं होतं.

जोसेफ पॅरीचं चरित्र या सगळ्याचं एका माणसात सापडणारं रूप आहे. मर्थरमध्ये जन्म, नवव्या वर्षी खाणीत, 1854 मध्ये कुटुंबाबरोबर पेन्सिल्व्हेनियात, तिथेही लोखंडाच्या कारखान्यात, संध्याकाळी संगीताचा अभ्यास, आणि अटलांटिकपलीकडून वेल्सच्या आइस्तेदवोदला धाडलेल्या रचना. लोकांनी वर्गणी काढून त्याला लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकवलं. 1874 मध्ये तो अबरिस्टविथला संगीताचा पहिला प्राध्यापक झाला आणि 1878 मध्ये वेल्श भाषेतला पहिला ऑपेरा ‘ब्लॉडवेन’ त्याने रंगमंचावर आणला. त्याने फार लिहिलं, घाईने लिहिलं, आणि बरंचसं विसरलं गेलं हे योग्यच झालं. उरलेलं मात्र वेल्श माणसाच्या ओठांवरून पुसणं कोणाला जमणार नाही.

आणि इथे सुरुवातीचा प्रश्न परत येतो. ह्यू ओवेन हा अँगलसीचा, लंडनमधला सरकारी अधिकारी. वेल्ससाठी त्याच्याइतकं कोणी राबलं नाही: शाळा, अध्यापक महाविद्यालय, शेवटी विद्यापीठ. 1861 मध्ये अबरडेरला पहिला राष्ट्रीय आइस्तेदवोद झाला. वादळाने मंडप मोडला आणि मेळा बाजाराच्या इमारतीत हलवावा लागला. पुढच्या वर्षी ओवेनने त्याला ‘सामाजिक शास्त्र’ विभाग जोडला. आरोग्य, उद्योग, शिक्षण यांवर तिथे निबंध वाचले जात, आणि ते इंग्रजीत. मंडपात कविता आणि स्तोत्रं वेल्शमध्ये. शेजारच्या दालनात गटारं आणि रेल्वे इंग्रजीत. ही वाटणी कोणी लादली नव्हती. 1866 मध्ये ‘द टाइम्स’ने वेल्श भाषा हाच वेल्सच्या मागासलेपणाचा उगम ठरवला, आणि मॅथ्यू आर्नल्ड या इंग्रज कवी-समीक्षकाने 1867 च्या पुस्तकात केल्ट लोकांच्या कल्पनाशक्तीचा गौरव करून व्यवहारातून वेल्श जितकी लवकर जाईल तितकं बरं, असं म्हटलं. वेल्श पुढारी ‘टाइम्स’वर चिडले आणि आर्नल्डचे आभार मानले. मला दोघांच्या निष्कर्षात फार अंतर दिसत नाही. हायवेल तैवी एडवर्ड्स या साहित्येतिहासकाराने 1980 मध्ये आइस्तेदवोदच्या या दशकाचा जो निर्मम पंचनामा केला, त्याने हा विषय नव्याने उघडला.

ओवेनच्या बाजूनेही बोललं पाहिजे. 1872 मध्ये अबरिस्टविथला महाविद्यालय सुरू झालं ते समुद्रकाठच्या एका बुडीत हॉटेलच्या इमारतीत, आणि सरकारने पैसे नाकारल्यावर ते जगलं चॅपेलांतल्या वर्गणीवर. 1875 मध्ये त्यासाठी खास रविवार ठरला आणि गरीब माणसांनी नाणी दिली. त्या लोकांना आपल्या मुलांसाठी जग हवं होतं, आणि जगाची भाषा त्यांनी निवडलेली नव्हती. वेल्शचा प्राध्यापक तिथे त्याच वर्षी नेमला गेला, महाविद्यालय उघडल्यावर तीन वर्षांनी.

ज्यांना ही तडजोड मान्य नव्हती त्यांच्यापैकी बालाचा मायकेल डी. जोन्स हा मूलगामी विचारांचा होता. इंग्रजांशेजारी राहून वेल्श टिकणार नाही, तर दूर जाऊ. 1865 च्या मे महिन्यात दीडशेच्या आसपास माणसं ‘मिमोझा’ जहाजातून लिव्हरपूलहून निघाली आणि जुलैअखेर पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर उतरली. शेतीला पाणी नसलेल्या त्या प्रदेशात सुरुवातीची वर्षं त्यांना तगवण्यात तिथल्या तेहुएल्चे लोकांचा मोठा वाटा होता. वेल्श तिथे अजून बोलली जाते.

भारतात वेल्सचा ठसा मुंबई-पुण्याकडे नव्हे, ईशान्येकडे आहे. कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्टांचा टॉमस जोन्स 1841 मध्ये चेरापुंजीला पोचला. त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहिली, आणि वर्णलेखनाची पद्धत आपल्या वेल्शवरून घेतली. स्वतःच्या देशात भाषा शाळेबाहेर ढकलली जात असताना त्याने दुसऱ्या एका भाषेला शाळेचं पुस्तक दिलं. पुढे त्याचं मिशनशी बिनसलं, खासी लोकांना नाडणाऱ्या एका बड्या इंग्रज व्यापाऱ्याशी वैर आलं, आणि 1849 मध्ये तो कलकत्त्यात मलेरियाने वारला. पॉन्टिप्रिदच्या विणकराच्या मुलाने रचलेली चाल आज खासी टेकड्यांतही खासी शब्दांत गायली जाते.

कुठून वाचायला लागावं, असं मला विचारलं तर मी पुस्तकाआधी चित्रं सांगतो. जॉन थॉमस हा लिव्हरपूलमध्ये राहणारा छायाचित्रकार. प्रसिद्ध माणसांची छायाचित्रं विकताना त्याच्या लक्षात आलं, की त्यांत वेल्श माणूस एकही नाही. तेव्हा त्याने स्वतःच कॅमेरा उचलला. प्रवचनकारांपासून सुरुवात करून तो रस्त्यावरचे विक्रेते, म्हाताऱ्या, गावचे वेडेपीर यांच्यापर्यंत पोचला. त्याच्या तीन हजारांवर काचपट्ट्या अबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. त्याच ग्रंथालयाने 1919 पर्यंतची वर्तमानपत्रं मोफत खुली केली आहेत. वेल्श चरित्रकोशही इंग्रजीत आणि वेल्शमध्ये खुला आहे. एकच सावधगिरी: भाषेबद्दलचे आकडे कोणी 1850-60 चे म्हणून सांगू लागला तर ते अंदाज आहेत, कारण जनगणनेत भाषेचा प्रश्न 1891 मध्ये पहिल्यांदा विचारला गेला.

सगळा देश एकदम कवेत घेऊ नये. एक गाव धरावं. माझी निवड अबरडेर. येयान ग्विल्टचा गायनोत्सव, पहिला राष्ट्रीय आइस्तेदवोद, कॅराडॉगचं वृंद, कोळसा, चॅपेलं, सगळं तिथे चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि ‘ग्व्लादगारूर’ हे साप्ताहिक 1858 पासून तिथूनच निघत होतं. त्याचे अंक त्या खुल्या संग्रहात आहेत. 1861 च्या ऑगस्टपासून चाळायला घ्यावेत: मंडप कोसळल्याची बातमी, बक्षिसांवरून भांडणं, आणि शेजारच्या रकान्यात कोळशाचे भाव.